पाहुण्यांसाठी आवरलेली झाडं

तो माळ अजून माझ्या स्वप्नात येतो, आणि येतो तेव्हा झाडांना पानं नसतात. धूर असतो, निळसर, जमिनीला धरून चाललेला. त्या धुरात ऐनाची झाडं नुसते खांब होऊन उभी असतात. मी खाली दगडी पायऱ्यांवर असते आणि कुणीतरी यायचं असतं. कोण, ते स्वप्नात कळत नाही. वाट बघता बघता जाग येते.

मी यवतमाळकडची. सातवीत शाळा सुटली. मग कापूस वेचला, मग लग्न झालं. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, म्हणून रस्ता जिकडे जाईल तिकडे आमचं बिऱ्हाड. एका रस्त्यानं आम्हाला जव्हारला आणून सोडलं आणि तो रस्ताच संपला. पुढचं काम लागेपर्यंत म्हणून एक खोली घेतली, ती अजून आहे. नवरा आता जव्हार-खोडाळा जीप चालवतो.

आमच्याकडची जमीन सपाट, काळी. नजर कुठं अडत नाही. इथं आले तेव्हा कितीतरी दिवस मला धड झोप यायची नाही, कारण इथली जमीन सगळीकडून तिरकी. झोपेत आपण घरंगळत दाभोसा धबधब्याच्या नदीत जाऊन पडू असं वाटायचं. सकाळी दार उघडलं की समोर धुकं. त्या धुक्यात कोंबडा आरवायचा, भांडी वाजायची, पण माणूस दिसायचं नाही. मी उंबऱ्यात उभी राहून विचार करायची, की या पांढऱ्याच्या पलीकडं आपलं कुणी आहे की नाही. भिण्याची सवय मला लहानपणापासूनच. सगळं नीट चाललेलं असलं की जास्त भीती वाटते.

मॅडम मला भेटल्या त्या त्यांच्या रोपवाटिकेत. पिशव्या भरायला बाई हवी होती आणि जीपमध्ये कुणीतरी ते बोललं, एवढंच. मला वाटलं फुलझाडांची विक्री असेल. मॅडमची पदवी उच्चारायला मला बरेच दिवस लागले. लँडस्केप आर्किटेक्ट. घर बांधतो तो आर्किटेक्ट हे मी ऐकून होते. मॅडम घराच्या बाहेरचं बांधायच्या. पाणी कुठून उतरेल, माणूस कुठून चढेल, दुपारची सावली कुणाच्या अंगावर पडेल, कुठला दगड हलवायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही. त्यासाठी त्या उन्हात तासन्तास नुसत्या बसायच्या. बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काही काम नाही.

लोक त्यांना झाडवाल्या मॅडम म्हणत. एकदा एका कार्यालयात शिपायानं आत जाऊन सांगितलं, "साहेब, त्या माळीणबाई आल्यात." मॅडम हसल्या. बाहेर येऊन जीपमध्ये बसल्यावर मात्र हसल्या नाहीत. मी म्हटलं, "मॅडम, माळीण म्हटल्याचं काहून वाईट वाटलं? माळी काय वाईट असते?" त्या म्हणाल्या, "माळी चांगलाच असतो गं. पण मी काय करते ते यांना कळलं नाही, तर उद्या ते मोडताना काय मोडतोय तेही कळणार नाही."

हे वाक्य मला तेव्हा नुसतंच ऐकू आलं.

खोडाळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक उतरता माळ आहे. शिरपामाळ बघून, धबधबे बघून लोक तिकडून पुढं जातात, तर त्यांनी घडीभर थांबावं अशी जागा तिथं करायची असं एका सरकारी कार्यालयानं ठरवलं आणि ते काम मॅडमना दिलं. कार्यालयाच्या मनात हिरवळ होती, कारंजं होतं, आणि फोटो काढायला मोठाली लाल अक्षरं. मॅडमनी तिथं जाऊन आधी बघितलं ते तिथं काय आहे. एक झरा होता. जुने ऐन होते, ओळीनं नाही, आपापल्या मर्जीनं उभे. आणि माळाच्या पलीकडे एक पाडा होता, त्याची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, खाचरं थेट माळाला येऊन भिडलेली.

ते ऐन पाड्याच्या राबाचे. राब म्हणजे काय हे मलाही इथंच कळलं. भात-नागलीची रोपं जिथं करायची तो तुकडा इकडे आधी भाजून घेतात. थंडी सरली की ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर अंथरायच्या, वर शेण, पाला, माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. माळाला कुंपण घातलं तर पाड्याच्या बायांना फांद्यांसाठी दुसरा डोंगर चढावा लागला असता. मॅडमनी कुंपणच काढून टाकलं. दगडाची बुटकी पौळ रचली, कुणीही ओलांडावी अशी. उतारावर दगडी पायऱ्या घातल्या, झऱ्यापाशी बसायला कट्टा केला. जुने ऐन पाड्याचेच राहतील, फांद्या उतरवताना फक्त शेंडा ठेवायचा, असं गावदेवाच्या दगडापुढं नारळ फोडून ठरलं. पायवाटेच्या कडेनं आमच्या रोपवाटिकेतले नवे ऐन लावले. मी पिशवीत वाढवलेले. त्यांना हात लावायचा नाही हे बोलायचं कुणाला सुचलं नाही, कारण पोरवयाच्या झाडाला कोण हात लावणार?

हे सगळं मॅडमनी तेव्हाच्या साहेबांना जागेवर उभं राहून सांगितलं होतं. साहेबांनी मान हलवली होती. मग त्यांची बदली झाली.

पाड्यात एक म्हातारी आहे, तिला सगळे बय म्हणतात. इकडे आईला बय म्हणतात, आणि ती सगळ्या पाड्याचीच आई असल्यासारखी वागते. मला ती "कापसाची" म्हणायची. नवे साहेब पाहुणे घेऊन माळ बघायला येणार असं कळलं तेव्हा मॅडमनी फोनवरून मला सांगितलं, की बयला म्हणावं, मंगळवारी पाहुणे येताहेत, जागा नीट दिसायला हवी. मी गेले, सांगितलं.

"पाहुणे? मोठे?" बयनं विचारलं.

"मोठे. वरच्या कार्यालयातले."

"मग आवरतो की," बय बोलली. "त्यात काय सांगायचा?"

मंगळवारी मॅडमबरोबर मी जीपमधून उतरले आणि आधी मला जागाच ओळखू येईना. माळावर आकाश होतं. एवढं आकाश तिथं कधीच नव्हतं. एकाही झाडाला पान नव्हतं. जुने ऐन सोलल्यासारखे, माथ्यावर एकेक शेंडा कुत्र्याच्या शेपटीसारखा वर गेलेला. आणि पायवाटेच्या कडेची माझी रोपं, पुरुषभर उंचीची झालेली, तीसुद्धा बोडकी. फांद्यांचे भारे पौळीच्या कडेनं रांगेत लावलेले, अगदी टोकाला टोक. गावदेवाच्या दगडापुढं शेणानं सारवलेलं. कट्ट्यावर तांदळाच्या पिठाची बोटं उमटवलेली. सगळा माळ झाडून काढलेला, एक वाळकं पान नाही.

बय धुतलेलं लुगडं नेसून वाटेत उभी. तोंड सगळं फुललेलं. "बघा मॅडम. एक झाड ठेवला नाय. पोरं, बाया, सगळी लागली. सगळी आवरली."

इकडे शिमगा जवळ आला आणि झाडावर फांद्या तशाच असल्या, तर ते झाड बेवारशी दिसतं. ज्या घरात बाईमाणूस नाही, त्या घराच्या अंगणासारखं. पाहुण्यांना कळावं की या झाडांना माणसं आहेत, म्हणून त्यांनी होतं नव्हतं तेवढं सगळं उतरवलं होतं. एरवी महिनाभर रमतगमत करायचं काम दोन दिवसांत उरकलं होतं.

मॅडमनी एका बोडक्या खोडावर हात फिरवला. मला वाटलं आता ओरडतील. त्या बयला म्हणाल्या, "खूप काम केलंत."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

साहेब वाईट माणूस नव्हते. गाडीतून उतरले, गॉगल काढला, परत घातला. "मॅडम, हे काय? ही बाग आहे की स्मशान?"

"साहेब, ही छाटणी आहे. राबाची."

"छाटणी?" साहेब म्हणाले. "माझ्या बंगल्यावर माळी आहे. छाटणी कशी असते मला माहिती आहे."

बरोबरच्या पाहुण्यांनी मोबाइल काढले. संध्याकाळपर्यंत बोडक्या झाडांचे फोटो जव्हारमधल्या सगळ्या फोनवर. 'झाडांची कत्तल' असं वर लिहिलेलं. नवऱ्याच्या जीपमधल्या लोकांनी ते नवऱ्यालाच दाखवले. दोन दिवसांत माळावरचं उरलेलं काम थांबलं. महिन्याभरानं बैठक घ्यायची आणि मॅडमना काढायचं, पुन्हा कुठलं सरकारी काम द्यायचं नाही, माळ एका कंत्राटदाराला देऊन सपाट करायचा, पेव्हर ब्लॉक आणि हिरवळ, असं ऐकू येऊ लागलं. पाड्यात वेगळीच कुजबुज. झाडं तोडली म्हणून केस होते म्हणे. बय मला बोलली, "कापसाचे, आमच्यावर घालतील काय गं केस? पाहुण्याला पाणी दिला न् पाहुण्यानं पोलीस आणला, असा झाला हा."

आणि सुटायची वाट तर सरळ समोर होती. कार्यालयातल्याच एकानं मॅडमना बाजूला घेऊन ती दाखवली. "एवढंच सांगा, पाड्यावाल्यांनी न विचारता तोडली. तुम्हाला कोण काय म्हणणार?" मी तिथंच पाण्याची बाटली धरून उभी होते. मॅडमनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि जीपकडे चालू लागल्या. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर घाटात खिडकीबाहेर बघत राहिल्या. डोंगरावर कुसुंबाला नवी पालवी फुटली होती, लालभडक, जाळ लागल्यासारखी. मी मनात देवाला म्हणाले, यांच्या तोंडून ते वाक्य येऊ देऊ नको. आणि लगेच मनात आलं, नाही आलं तर रोपवाटिका जाईल, मग मी कुठं जाऊ? दोन्ही खरं होतं. भित्र्या माणसाची प्रार्थना अशी दोन्हीकडून असते.

मॅडमच्या धंद्यातल्या लोकांची एक संस्था आहे. मॅडम तिच्या सभासद, पण वर्षातून एकदा संमेलनाला जाऊन यायच्या तेवढंच. "काय असतं तिथं?" मी एकदा विचारलं होतं. "चहा, बिस्किटं, आणि सगळ्यांची एकच तक्रार," असं म्हणाल्या होत्या. या वेळी त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं. तो फोटोच फिरत फिरत तिकडे पोचला आणि संस्थेतून फोन आला, की आम्ही येतोय. मॅडम फोनवर म्हणत होत्या, "अहो, एवढ्या लांब कशाला? मी बघते माझं." तिकडून काय म्हणाले मला ऐकू आलं नाही, पण मॅडमनी फोन ठेवला आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

दोघं आले. एक वयस्कर सर, डोक्यावर कापडी टोपी, हातात काठी. त्यांचा जन्म बागा आणि नदीकाठ करण्यात गेलेला. दुसरी एक तरुण ताई, पायात खेळाचे बूट. कामावरून कुणा सभासदाची अडचण झाली तर त्याच्या बाजूनं उभं राहायचं हे संस्थेनं तिला दिलेलं काम. मला याचंच नवल. कुणाच्या तरी बाजूनं उभं राहणं, हे काम!

रोपवाटिकेतल्या शेडखाली मी कोरा चहा दिला आणि पिशव्या भरायला लागले. कान तिकडेच.

"तुमची जबाबदारी करारात कुठवर आहे?" ताईनं विचारलं.

"लावण्यापर्यंत. पुढची देखभाल त्यांच्याकडे."

"मग छाटणी त्यांच्या काळात झाली. पण राब ठेवायचं तुम्ही ठरवलंत. ते नव्या साहेबांना कुणी सांगितलं?"

"जुन्यांना सांगितलं होतं."

"म्हणजे कुणी नाही."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"नवी झाडंही तोडायची असं ठरलं होतं?" हे सर.

"नाही."

"तोडू नका असं ठरलं होतं?"

"तेही नाही."

"का नाही?"

माझ्या हातातली पिशवी फाटली. मला वाटलं, हे मदतीला आलेत की उलटतपासणीला? मॅडमचा चेहरा उतरलेला. माझ्यानं राहवलं नाही. मी उठून म्हटलं, "तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात ना? मग काहून एवढं टोचता?"

सर हसले. "बस, बाई. चहा घे तूही. अगं, जे तिथं विचारलं जाणार ते इथं आधी आपल्या माणसानं विचारलेलं बरं. इथं चुकलं तर चहा थंड होतो, तिथं चुकलं तर माणूस जातं."

मग ताईनं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "पाड्यावर ढकलायचं आहे का? ती वाट आहे."

मॅडम म्हणाल्या, "नाही." इतक्या हळू, की मला वाटलं मीच म्हटलं.

"बरं," ताई म्हणाली. "मग खरं आहे तेवढंच धरून उभं राहू. जरा जड जाईल."

दुपारी सगळे माळावर गेलो. सरांनी एका जुन्या ऐनाला नख लावून साल जरा खरवडली. आत हिरवं, ओलं. दुसऱ्याला लावलं, तिथंही हिरवं. मग पायवाटेकडच्या माझ्या एका झाडापाशी वाकले. आत तपकिरी. दुसऱ्यालाही तसंच. त्यांनी टोपी नीट केली.

बय मागून आली. "काय बघतोस बाबा? झाड काय कोंबडी हाय, मान उतरवली न् मेला? येल पाला. सगळ्यांना येल."

"सगळ्यांना?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांना," बय ठासून बोलली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ताई एकटी कार्यालयात जाऊन आली. तिनं एकच गोष्ट मागितली होती. बैठक खोलीत नको, माळावर घ्या. मिळाली. नवरा तिला जीपमधून आणत होता, त्यानं विचारलं, "साहेब ऐकले कसे?" ताई म्हणाली, "मी म्हटलं, तुम्हाला ऊन सोसत नसेल तर राहू दे, खोलीतच घेऊ. तर म्हणाले, ऊन मला काय नवीन आहे? माळावरच घ्या!" नवरा इतका हसला की त्यानं जीप थांबवली. आणि शिमगा, पाडवा वगैरे सगळं सरून जाऊन बैठक उन्हाळ्यात पडली. ऐनाला पालवी यायचा तो काळ. हे ताईनं मुद्दाम केलं की झालं, मी कधी विचारलं नाही.

ते मधले दिवस मला धड आठवत नाहीत, किंवा फार आठवतात. मोहाची फुलं गळत होती. पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली बसायच्या, न बोलता, आणि सगळ्या दरीला गोडसर आंबूस वास यायचा. मग राब पेटले. जिकडे बघावं तिकडे खाचरांतून निळा धूर निघायचा आणि वर न जाता पसरायचा, डोंगर त्यावर तरंगल्यासारखे. नवऱ्याच्या पहिल्या फेरीला मी जीपमध्ये बसायची, माळाशी उतरायची, एकेका झाडाला हात लावून बघायची, दुसऱ्या फेरीला परत. झाडं धुरात उभी. मी त्यांना यवतमाळकडच्या बोलीत बोलायची, कारण ती भाषा तिथं दुसऱ्या कुणाला नको होती. रात्री स्वप्नात ऐन आमच्या माहेरच्या शेतात उभे, कपाशीच्या पऱ्हाटीमधोमध, बोडके, आणि माझी आई त्यांच्यावरून कापूस वेचते आहे. सकाळी मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "चांगलं स्वप्न आहे की." मग थोड्या वेळानं, "बोंडं होती ना झाडांना?" मी म्हटलं, होती. "बरं झालं," म्हणाल्या.

एका सकाळी जुन्या ऐनाच्या खोडावर, जिथून फांदी उतरवली होती तिथंच, तांबूस काहीतरी दिसलं. मला वाटलं मुंगळे. हात लावला तर मऊ. लव असलेली, ओली, तान्ह्या बाळाच्या कानासारखी पानं. मी तिथंच खाली बसले. पाड्याकडून बय येत होती, मला बघून लांबूनच ओरडली, "काय गं कापसाचे, कोण मेला?" मला रडताना बोलता येईना, मी नुसतं बोट केलं. तिनं बघितलं. "हात्तिच्या. दरवर्षी येतो तो. रडतेस काय?"

बैठकीच्या सकाळी आम्ही लवकर गेलो. धूर होताच. आणि त्या धुरातून माणसं यायला लागली. टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली, एकेक दोन दोन. नाशिककडून, ठाण्याकडून, पुण्याकडून. मॅडमच्याच धंद्यातली. मॅडम त्यातल्या काहींना संमेलनातल्या चहापुरतं ओळखत होत्या, काहींना अजिबात नाही. एक तर कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली वाटत होती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी विचारलं, "तुम्ही काय बोलणार?" ती म्हणाली, "काही नाही. आम्ही फक्त असणार."

आणि तसंच झालं. ते पायऱ्यांवर, पौळीच्या कडेला, झऱ्यापाशी नुसते उभे राहिले. साहेबांची गाडी आली, साहेब उतरले, आणि इतकी माणसं बघून क्षणभर परत बसतील की काय असं वाटलं.

सरांनी थोडंच सांगितलं. हा धंदा काय आहे, यात झाड लावणं हा शेवटचा भाग कसा, आणि आधी जागेवर कोण जगतंय ते बघावं लागतं. त्यांनी साहेबांना हात धरून जुन्या ऐनांपाशी नेलं. पालवी आता बोटभर झाली होती. साहेबांनी एक पान धरून बघितलं, सोडलं नाही.

"ठीक," ते म्हणाले. मग वळले. "आणि ही?"

पायवाटेकडची माझी झाडं. काहींना खालून फूट आली होती. बरीच वाळून काठ्या झाली होती.

मी ताईकडे बघितलं, सरांकडे बघितलं. दोघं मॅडमकडे बघत होते.

"ही गेली," मॅडम म्हणाल्या. "जुनी झाडं छाटायची हे माझ्या रचनेत आहे, ते मी ठरवलंय. नवी छाटायची नव्हती. जागा नीट दिसली पाहिजे असा निरोप मीच दिला होता, आणि पाड्यानं ती त्यांच्या रीतीनं नीट केली. चूक कुणाची म्हणाल तर मी त्यांना मर्यादा सांगितली नाही. मेलेली झाडं मी पुन्हा लावीन."

"पण तोडली कुणी?" साहेबांच्या मागून कुणीतरी म्हणालं. तोच, ज्यानं ती सोपी वाट दाखवली होती.

"मी," बय पुढं आली. धुतलेलं लुगडं आजही होतं. "तुमच्यासाठी केला, साहेब. तुम्ही येणार म्हणून."

"माझ्यासाठी?"

"मंग? पाहुणा येल न् झाडं अशीच ठेवू काय, झिंज्या सोडलेली? तुमच्या घरी कोण येल तेव्हा तुमची बायको डोकी नाय विंचरत?"

आधी ती कॉलेजातली पोरगी फिसकन हसली. मग नाशिकचे कुणी. मग साहेबच. त्यांच्या हातात ते पान अजून होतं, आणि हसताना ते काय करावं न कळून त्यांनी खिशात घातलं. बय मात्र हसत नव्हती. ती त्या वाळक्या काठ्यांकडे बघत होती. "ही येतील असा वाटला मला," ती मला हळूच बोलली. "चुकला. लहान होती गं."

ताईनं तेव्हा पुढं होऊन एवढंच म्हटलं, "दुरुस्ती आहे. ती ज्यांनी रचलं त्यांनाच करू द्या." साहेब माळाकडे, त्या उभ्या माणसांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "करू द्या." पाड्यावरच्या केसचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

हिरवळ झालीच. रस्त्याच्या तोंडाशी एक तुकडा, आणि त्यात ती मोठाली लाल अक्षरं. एवढं साहेबांनाही हवं होतंच. मॅडम त्या तुकड्याकडे बघत नाहीत, पण नवऱ्याच्या जीपमधले लोक सगळ्यात आधी तिथंच उतरतात. आत एक फलक लावला आहे: ही झाडं दरवर्षी राबासाठी उतरवली जातात, ती मेलेली नाहीत. नव्या ऐनांच्या खोडाला बयनं लाल दोरा बांधलाय, म्हणजे पाड्यातल्या पोरींनाही कळावं, की ही अजून लहान आहेत.

यंदा शिमग्याच्या आधी संस्थेतून मॅडमना फोन आला. विदर्भात एका तरुण लँडस्केप आर्किटेक्टनं तळ्याच्या काठाचं काम केलंय, आणि ते पाडून भिंत घालायचं चाललंय. तो एकटा आहे. मॅडम त्याला ओळखत नाहीत. त्यांनी जागा विचारली, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या माहेराच्या वाटेवर आहे. येतेस?"

"मी काय बोलणार तिथं?"

"काही नाही."

निघायच्या दिवशी खोडाळ्याच्या वाटेनं जाताना आम्ही माळापाशी थांबलो. पाड्यातल्या बाया झाडांवर चढल्या होत्या, कोयत्यांचे आवाज येत होते, अर्धे ऐन बोडके झाले होते आणि मधून आकाश दिसायला लागलं होतं. बय भारा बांधत होती.

"कुठं चालली कापसाची? माहेरी?"

"माहेराजवळ. एकाकडे पाहुणी म्हणून जातेय. त्याच्या बाजूनं उभं राहायला."

"त्याला माहीत हाय तू येतेस?"

"नाही."

बय जरा विचारात पडली. मग पायानं भारा दाबून दोरी ओढत बोलली, "बरा हाय मग. माहीत असता तर झाडं आवरून ठेवली असती त्यानं."